तबकडीतला बाजा आणि बैठकीतला बाजा

संगीताच्या दरबारात काही वाद्ये जन्मानेच मानकरी असतात, आणि काहींना आयुष्यभर उंबऱ्यापाशी तिष्ठत उभे राहावे लागते. वीणा, सारंगी, बासरी यांचे कूळ कोणी विचारीत नाही. पेटीची गोष्ट निराळी आहे. शंभराहून अधिक वर्षे ती आपल्या घराघरांत, भजनी मंडळांत, नाटकगृहांत आणि थोर गवयांच्या शेजारी मांडी घालून बसली आहे. तरीही तिच्याविषयी चार ओळी लिहावयाच्या झाल्या की लेखकाला प्रथम वकिलाचा झगा चढवावा लागतो. ती परदेशी आहे, तिच्यातून मींड निघत नाही, आणि तिच्या श्रुती आपल्या नव्हेत, ही त्रिकलमी फिर्याद रसिकांना पाठ आहे. प्रस्तुत लेखात या फिर्यादीचा निकाल लावावयाचा नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या पुराव्यावरून हा निकाल वारंवार दिला जातो तो पुरावाच अपुरा आहे. आणि तो अपुरा का राहिला हे समजून घ्यावयाचे असेल, तर पेटीच्या एका दूरदेशी भावंडाची हकीकत आपल्या उपयोगी पडेल. ते भावंड म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या 'ब्ल्यूज' गाण्यासाठी जवळ केलेला तोंडाचा बाजा, अर्थात माऊथ ऑर्गन.

दोन्ही वाद्यांचे मूळ एकच. धातूची एक पातळ जीभ एका टोकाशी जखडलेली असते आणि तिच्याखाली तिच्याच आकाराची खाच असते. खाचेतून हवा वाहू लागली की जीभ कंप पावते व स्वर निघतो. पेटी करणारे आपले कारागीर या जिभेलाच 'सूर' म्हणतात, आणि खर्ज व नर अशा सुरांच्या जोड्या बसवून पेटी सिद्ध करतात. चीनमधील शेंग हे वाद्य याच तत्त्वावर प्राचीन काळापासून वाजत आले आहे. युरोपात हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात फोफावले. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. माथियास होनर याने १८५७ साली जर्मनीतील ट्रोसिंगेन येथे तोंडाचे बाजे करण्याचा धंदा काढला. पायाने भाता चालविण्याचे ते मोठे धूड कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याचे, जमिनीवर बसून वाजविण्याजोगे केले. इकडे होनरचा माल अमेरिकेत जाऊन पोहोचला. म्हणजे एक वाद्य युरोपातील प्रार्थनामंदिरांसाठी व दिवाणखान्यांसाठी जन्मले आणि आपल्या बैठकीत रमले. दुसरे जर्मन लोकगीतांसाठी जन्मले आणि कापसाच्या शेतावर राबणाऱ्यांच्या खिशात जाऊन बसले. दोघांनाही सासर माहेराहून अधिक मानवले.

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांतून असे बाजे टांगलेले मी लहानपणी पाहिले आहेत. त्या काळी आम्हां मुलांना त्याचे वेड लागले ते चित्रपटांमुळे. १९५८ च्या 'सोलवा साल' मधील आणि १९६४ च्या 'दोस्ती' मधील माऊथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजविलेला. पण तो सुरेल, गोंडस आणि आज्ञाधारक बाजा होता. याच वाद्यातून हुंदका निघू शकतो हे मला पुष्कळ उशिरा, इंग्रजी शिकविता शिकविता अमेरिकन वाङ्मयाच्या मागोमाग तिकडचे गाणे ऐकू लागलो तेव्हा कळले.

त्या हुंदक्याचे मर्म आपल्या परिभाषेत सांगण्याजोगे आहे. हा दहा छिद्रांचा बाजा एका ठराविक पट्टीत बांधलेला असतो. प्रत्येक छिद्रात दोन जिभा, एक फुंकल्यावर बोलणारी आणि दुसरी श्वास आत ओढल्यावर बोलणारी. ब्ल्यूज वाजविणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली ही की, बाजा ज्या पट्टीचा असेल तिचा षड्ज सोडून त्याच्या पंचमाला त्यांनी आपला षड्ज मानले. आपले गायक ज्याला मूर्च्छना म्हणतील तोच हा प्रकार. याचा परिणाम असा की, सर्व शुद्ध स्वरांच्या त्या बाजातून कोमल निषादाचे, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वरसप्तक आपोआप हाती आले, आणि मुख्य स्वर फुंकरीऐवजी आत ओढलेल्या श्वासावर येऊन बसले. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. श्वास आत ओढताना जिभेचा व घशाचा आकार बदलला, की काही छिद्रांतला स्वर खाली वाकतो. त्या युक्तीने शुद्ध गंधार हळूहळू कोमल गंधाराकडे कलतो आणि दोहोंच्या मधल्या जागी रेंगाळतो. जर्मन कारागिराने ज्या जागेला घरच दिले नव्हते त्या जागी बिऱ्हाड करून राहण्याची ही किमया आहे. ज्या पितळी जिभेतून मींड निघणे अशक्य, असे आपण पेटीवरून म्हणतो, त्याच जातीच्या जिभेतून ती तोंडाने काढून दाखविली गेली. फरक धातूचा नाही. जीभ आणि श्वास यांच्यामध्ये पट्ट्या व भाता आडवे येतात की नाहीत, एवढाच तो फरक आहे.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचा अवधी असे. तेवढ्या वेळात, श्रोत्यांवाचून, एका बंद खोलीत वाजवावयाचे म्हटले की वादक साहजिकच आपल्या पोतडीतील चमत्कार काढतो. डेफर्ड बेली याने १९२७ साली तबकडीवर उतरविलेली आगगाडीची नक्कल प्रसिद्ध आहे. इंजिनाचा फुसफुसाट, शिटी, रुळांवरील ताल, सर्व काही एका चिमुकल्या बाजातून निघते. ऐकणारा थक्क होतो. तथापि थक्क होणे निराळे आणि हलून जाणे निराळे.

हलून जाण्याचा अनुभव २३ डिसेंबर १९३८ च्या मुद्रणात येतो. त्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड या रसिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक जलसा केला. सोनी टेरी हा सत्तावीस वर्षांचा अंध बाजावाला दक्षिणेकडून त्यासाठी आणलेला होता. त्याचे वादन त्या वेळी मुद्रित झाले व १९५९ साली मोठ्या तबकडीवर प्रसिद्ध झाले. टेरी बाजा वाजविता वाजविता मध्येच उंच आरोळी देतो आणि ती आरोळी संपावयाच्या आत बाजा पुन्हा बोलू लागतो. कोठे गळा थांबला आणि कोठे बाजा सुरू झाला हे सांगता येत नाही. श्वास ओढल्याचा आवाजही स्वरांच्या बरोबरीने ऐकू येतो. बंद खोलीत जो दोष म्हणून काढून टाकला गेला असता, तोच येथे वाद्याचा प्राण ठरला आहे. त्याच जलशाची आणखी एक हकीकत मनाला चटका लावते. रॉबर्ट जॉन्सन या गायकास हॅमंडला बोलवावयाचे होते. पण तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारल्याचे कळले. तेव्हा रंगमंचावर त्याची तबकडी वाजविण्यात आली. एकाच रात्री, एकाच व्यासपीठावर, जिवंत वादकाचा श्वास आणि मृत गायकाची तबकडी असा योग जुळून आला. ध्वनिमुद्रण काय राखू शकते आणि काय राखू शकत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढील काळातील दोन मुद्रणांचा उल्लेख ओघाने केला पाहिजे. ३ जुलै १९६० रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात मडी वॉटर्स गायला, तेव्हा जेम्स कॉटन त्याच्या साथीस होता. येथे बाजा मध्यभागी नाही. तो गायकाच्या ओळीमागून येतो, तिचे शेवटचे टोक उचलून धरतो आणि पुढच्या ओळीला वाट करून देऊन मागे सरतो. आपल्या पेटीवाल्याला हे काम सांगावे लागणार नाही. दुसरे मुद्रण ८ डिसेंबर १९६३ चे, लंडनजवळच्या रिचमंड येथील एका क्लबातले. सोनी बॉय विल्यमसन या मुरलेल्या बाजावाल्यामागे यार्डबर्ड्स नावाची कोवळी इंग्रज पोरे साथ करीत आहेत. पोरे उत्साही आहेत, पण कोठे थांबावे हे त्यांना उमगलेले नाही. म्हातारा त्यांना वाजवूनच आवरतो. गुरू आणि अप्रशिक्षित साथीदार यांच्यातील हे प्रेमळ झटापटीचे नाट्य कोणत्याही सफाईदार तबकडीत सापडणार नाही.

तथापि प्रत्यक्ष जलशातील मुद्रण म्हणजे सत्य आणि बंद खोलीतील मुद्रण म्हणजे असत्य, असा सोपा सिद्धान्त काढण्याचा मोह टाळला पाहिजे. लिट्ल वॉल्टर हा याच परंपरेतला कदाचित सर्वांत कल्पक वादक. बाजा आणि ध्वनिक्षेपक दोन्ही एकाच मुठीत धरून त्याने वाद्याचा नादच पालटला, आणि १९५२ सालची त्याची 'ज्यूक' ही तबकडी बंद खोलीतच तयार झाली. त्याची जलशांतील मुद्रणे थोडी, आणि १९६७ च्या युरोपच्या दौऱ्यातील जी आहेत ती उतरत्या काळातली. पुढच्याच वर्षी तो वारला. त्या मुद्रणांवरून त्याची योग्यता ठरविणे हा अन्यायच होईल. तेव्हा तबकडी वादकाची बुद्धी दाखविते आणि बैठक त्याचा स्वभाव दाखविते, एवढेच म्हणणे रास्त.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात पेटीला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रभागी आहे. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांनी केलेल्या साथीची कीर्ती आपण वाचतो, आणि वाचूनच समाधान मानतो; कारण १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवांची एकही तबकडी उपलब्ध नाही. गायकच राहिला नाही तेथे साथीदार कोठून राहणार? पुढे पेटीच्या एकलवादनाच्या तबकड्या निघाल्या, त्यांत पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्या तबकड्यांनी रसिकांना वेड लावले. बोटांची ती चपळाई, दाणेदार ताना, भात्यावरील ताबा हे सारे आजही ऐकताना मन प्रसन्न होते. पण वर बेलीच्या आगगाडीविषयी जे म्हटले तेच थोड्या फरकाने येथेही लागू आहे. तीन मिनिटांच्या तबकडीने पेटीची चपळाई जतन केली. पेटीचे मुख्य ब्रीद मात्र चपळाई नसून साथ हे आहे, आणि साथ तीन मिनिटांत मावत नाही. गवयाला सूर लागेपर्यंतची पहिली दहा मिनिटे पेटीवाल्याने कशी सांभाळली, यातच त्याची परीक्षा असते.

मग ही साथ जतन व्हावयाची कोठे? नभोवाणीवर, असे उत्तर कोणीही देईल. दीर्घ अवधीचे गायन, उत्तम यंत्रे, सर्व प्रांतांतील कलावंत हे सर्व तेथे एकत्र येत होते. परंतु १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या वास्तूत मज्जाव केला. या बंदीमागे केवळ साहेबी लहर नव्हती. जॉन फोल्ड्स या नभोवाणीवरील इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध लिहिले हे खरे. पण रवींद्रनाथ ठाकुरांसही पेटी नकोशी होती. स्वरांच्या शुद्धतेची चिंता तर आपल्याकडे त्याहून जुनी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमेंट्स या मुलकी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी घडविण्याचा प्रयत्नही केला. म्हणजे आक्षेप अभ्यासूंचा होता, आणि तो खोटा नव्हता. समान अंतरांनी बसविलेले बारा स्वर आपल्या गाण्याच्या गंधार-निषादांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे कोणताही जाणता पेटीवाला आपण होऊन सांगेल.

पण आक्षेप खरा असला तरी त्यावरील उपाय शहाणपणाचा असतोच असे नाही. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली, तीही आधी साथीपुरती. म्हणजे सुमारे तीन दशके पेटी नभोवाणीबाहेर राहिली. आणि नेमकी हीच तीन दशके आपल्या दीर्घ ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाची उभारणीची वर्षे होत. अब्दुल करीमखाँ, भास्करबुवा यांच्या नंतरची पिढी ज्या काळात ऐन भरात गात होती, त्या काळातील नभोवाणीच्या संग्रहात सारंगी आहे, व्हायोलिन आहे; पेटी नाही. बाहेर बैठकींत मात्र तेच गवई पेटीच्याच साथीने गात होते. उद्याचा एखादा संशोधक केवळ त्या संग्रहावर विसंबून राहिला, तर त्या काळी पेटीला गवयांनीच दूर ठेवले होते, असा पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष तो पूर्ण प्रामाणिकपणे काढील! याच्या उलट योगायोग पाहावा. नोव्हेंबर १९४१ मध्ये, म्हणजे आपल्या बंदीला दोन वर्षे व्हावयाच्या आत, अमेरिकेतील आर्कन्सॉ प्रांतात हेलेना या गावच्या नभोवाणीने वर उल्लेखिलेल्या सोनी बॉय विल्यमसनला पिठाच्या जाहिरातीसाठी रोज दुपारी वाजवावयास बसविले. हेतू धंद्याचा होता. संगीतसेवेची भाषा कोणी केली नव्हती. पण आटा विकणाऱ्याने त्या बाजाचे जे कल्याण केले, ते शुद्धतेच्या कैवाऱ्यांना आपल्या पेटीचे करता आले नाही.

यास्तव आपल्याकडे पेटीच्या साथीचा खरा पुरावा राहिला तो खासगी बैठकींत. ध्वनिफितीची यंत्रे हौशी मंडळींच्या घरी आल्यावर दिवाणखान्यांतील, गणेशोत्सवांतील, संगीत मंडळांतील गाणी उतरवून घेण्याचा परिपाठ पडला. १९५३ पासून पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरू लागला. कुमार गंधर्वांच्या मैफलींची जी मुद्रणे पुढे प्रसिद्ध झाली, त्यांतील गोविंदराव पटवर्धन यांची साथ लक्ष देऊन ऐकावी. कुमारांचे गाणे साथीदाराची कसोटी पाहणारे. स्वर अकस्मात उसळतो, तुटतो आणि मध्ये नि:शब्द जागा राहते. तेथे पेटी सावलीसारखी मागे येते, पण सावलीप्रमाणे चिकटून राहत नाही. जेथे गळ्यातून मींड जाते तेथे पटवर्धन ती खोटी करून दाखवीत नाहीत. ते मींडेच्या आरंभाचा व शेवटाचा स्वर तेवढा हलकेच दाखवितात आणि मधली वाट श्रोत्याच्या कानावर सोपवितात. अमेरिकन बाजावाल्याने मधल्या जागेवर कब्जा मिळविला. आपल्या पेटीवाल्याने ती जागा मोकळी ठेवण्याची कला साधली. दोन्ही युक्त्या एकाच अपुरेपणातून जन्मल्या आहेत, आणि मला तरी दुसरी पहिलीइतकीच मोलाची वाटते. पेटीतून काय निघत नाही याची यादी करणाऱ्या टीकाकारांनी, ते न निघाल्याचे पेटीवाल्यांनी काय केले, इकडे लक्ष दिलेले नाही.

या फितींचेही दोष आहेत. ध्वनिक्षेपक गवयापुढे असतो. पेटी दूरची, कधी तबल्याखाली दबलेली. मध्येच कोणी खोकतो, कपबशा वाजतात, आणि ऐन रंगात फीत संपते. शिवाय जुनी म्हणूनच एखादी वस्तू चांगली वाटावयाची, हा वयपरत्वे जडणारा दोष पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याला जडलाच नसेल अशी ग्वाही मी देत नाही. एवढे वजा करूनही जे उरते ते दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

एका उदाहरणाने हे विवेचन आटोपतो. माझ्या वडिलांनी सोलापुरातील एका स्नेह्यांच्या घरी झालेल्या बैठकीची फीत जपून ठेवली होती. अलीकडे ती नव्या यंत्रावर उतरवून घेतली. गवई बेताचे आहेत. आवाज थकलेला, दोनदा तान घसरते. पण पेटी! गवई अडखळला की ती एक स्वर लांबवून त्याला थारा देते. तो चुकीच्या जागी उतरू लागला की अर्ध्या मात्रेने आधी योग्य स्वर सुचविते आणि लगेच गप्प होते, जणू ते तिला सुचलेच नव्हते. एका ठिकाणी गवई त्या सुचनेवर इतके सुंदर उतरतात की मंडळींतून "वाहवा" उठते. ती वाहवा अर्थातच गवयाला आहे. फितीच्या डबीवर वडिलांच्या वळणदार अक्षरात गवयाचे नाव आहे, रागांची नावे आहेत, यजमानांचे नाव आहे. पेटीवाल्याचे नाव नाही. त्या बैठकीला हजर असलेल्या वृद्धांना मी ती फीत ऐकविली. कोणी म्हणाले, गिरणीत नोकरीला होते. कोणी म्हणाले, नाही, शाळामास्तर होते. नाव कोणालाच आठवेना.

वडील रसिक होते, व्यवस्थित होते; त्यांनी ते नाव हेतुपुरस्सर गाळले नाही. ते लिहावे असे त्यांना वाटलेच नाही, कारण तसे वाटण्याची आपल्याकडे रीत नव्हती. नभोवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवले याबद्दल आपण आज हळहळतो. पण आपण आपल्या दिवाणखान्यात तिला घेऊन काय केले? आत बसविले आणि नाव विचारावयाचे विसरलो. अजूनही पुष्कळ घरांतील माळ्यांवर अशा फिती पडून आहेत, आणि त्या बैठकी ऐकलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. फिती तज्ज्ञ वाचवितील, न वाचवितील. नाव सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर डबीवर एक ओळ लिहून ठेवणे मात्र कोणालाही शक्य आहे. आमच्या घरच्या डबीवर ती ओळ मी कोरी ठेवली आहे. फक्त तिच्या आरंभी "पेटी" एवढे लिहून ठेवले आहे.